चौथऱ्यावरची गाडी

आधी तिला नाव दिसलं, गाडी नंतर. एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर नेहमीसारखी कोंडी झाली होती. पुढे कांद्याचा टेम्पो, मागे कंपनीची बस हॉर्न मारून मारून जीव खात होती, आणि राजश्री स्कूटीवर एक पाय खाली टेकवून उभी होती. लॅबला उशीर होतोय, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बाकावर बसून कावली असतील, एवढंच डोक्यात. सहज मान वळली. लाल साटीन गुंडाळलेला चौथरा, त्यावर काहीतरी पांढरं, चुरगळलेलं, आणि मागच्या काचेवर हिरव्या रेडियमची अक्षरं: सायली. आपल्या पोरीचं नाव इथं कुणी लावलं, असं तिला वाटलं, आणि वाटता वाटताच बाकीचं ओळखीचं होत गेलं. मागच्या दाराला पडलेला जुना पोचा, डिकीच्या कुलपाभोवतीचा गंज, आणि पुढे गेलं की छप्परच नाही, डब्याचं झाकण उचकटावं तसं मागे सोललेलं. स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला होता. हार ताजा होता, त्याच्यावर पाणीसुद्धा मारलं होतं. चौथऱ्यामागे दुमजली घराएवढा फ्लेक्स, त्यावर हात जोडलेली दहा-बारा थोबाडं, मधोमध तालुक्याचे पुढारी हौसरावआबा, आणि वर मोठ्या अक्षरांत 'जुनी गाडी भंगारात, कुटुंब राही आनंदात'. अगदी खालच्या कोपऱ्यात, गोल चौकटीत, तिचा नवरा विक्रम. दहाव्याच्या पत्रिकेवर छापायला तिनंच दिलेला फोटो. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'या गाडीने एका बापाचा बळी घेतला. तुमची गाडी किती जुनी?' टेम्पो हलला, बसनं भोंगा वाजवला, कुणीतरी 'ओ मॅडम, झोपल्या काय?' म्हणून ओरडलं. तिनं स्कूटी कशीबशी कडेला घेतली आणि मोबाईलच्या दुकानामागच्या गटारात सकाळचा चहा ओकून टाकला.

आता राजश्रीला किळस यावी म्हणजे नवलच. उभी हयात लॅबमध्ये गेलेली बाई. लोकांची थुंकी, लघवी, झाकण नीट न लावता पिशवीत सांडून आणलेल्या डब्या, सगळं तिनं हातानं उचललं, पुसलं, तपासलं. हात धुतले की तिथंच उभ्या उभ्या पोळीभाजी खायची. विक्रम म्हणायचा, तुला देवानं नाक दिलंय ते नुसतं चमकी घालायला. माणसाच्या अंगातून जे बाहेर पडतं त्याला घाण का म्हणावं, असं तिला खरंच कळत नसे. ते बिचारं खरं तरी असतं. साखर असली तर साखर दाखवतं, पू असला तर पू. पण त्या दिवशी लॅबमध्ये पहिल्याच माणसाच्या दंडाला रबरी पट्टा तिला दोनदा सोडून परत बांधावा लागला. रखमाजी नावाचे म्हातारबा, दर महिन्याला साखर तपासायला येणारे. ते तिच्याकडे मायेनं बघत म्हणाले, "ताई, ती स्टँडावरची गाडी तुमचीच ना वो? लई बेस केलंत. आमच्या थोरल्यानं ते बघितलं आन् कालच आमची जीप दिऊन टाकली. म्हनला, आप्पा, माणूस राहिला तर गाड्या काय, ढीगभर." ती म्हणाली, "मूठ आवळा." रक्त नळीत चढलं. म्हातारबांना वाटलं, बाई दुःखात आहे. ते जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले, आणि दिवसभर जो येईल तो तसाच, जपून, हळू आवाजात तेच बोलत राहिला. आपल्या घरातलं मढं कुणीतरी उकरून काढून आंघोळ घालून चौकात बसवावं आणि सगळ्या गावानं येऊन आपल्याला शाबासकी द्यावी, असं तिला झालं.

महिनाभर हे खूळ तालुक्यात चाललं होतं, ते तिला माहीत नव्हतं असं नाही. 'सुरक्षित तालुका अभियान' म्हणे. टोप्या घातलेली पोरं घरोघर हिंडत होती, जुन्या गाडीच्या काचेवर लाल स्टिकर चिकटवत होती. शाळांच्या प्रभातफेऱ्या निघाल्या. जो गाडी देईल त्याला शाल आणि फोटो. सणसवाडीच्या अलीकडे आबांच्या जावयानं गाड्या चिरडायचा कारखाना टाकला होता आणि त्याच्याच शेजारी नव्या गाड्यांची चकाचक शोरूम. म्हणजे एका दारानं रडत जा, दुसऱ्या दारानं पेढे घेऊन बाहेर या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं ऐकलं होतं, पण हे लोणी खाऊन वर ढेकर देऊन सुरक्षेवर भाषण करणारे होते. आणि याच तालुक्यात, याच आबांच्या उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून, ना नंबर ना दिवा, कवाच्या काळच्या ट्रॅक्टरमागे हेलकावे खात रस्त्यानं जातात, त्यांच्यावर मात्र कुणी स्टिकर चिकटवला नाही. ती शेतीची अवजारं. ती म्हातारी होत नाहीत. थू तुमच्या जिनगानीवर, ती मनात म्हणाली, आणि मनात म्हणून काय होतंय, असंही लगेच तिच्या मनात आलं.

कारण ती तिथं होती. हेच तर तिच्या घशात अडकलेलं हाड होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी विक्रमनं तिला खुटबावला माहेरी सोडलं, चहा घेतला, दिवेलागणीला निघतो म्हणाला, सायली घरी एकटी आहे. गाडी शिवेच्या बाहेर गेली न गेली तोच कुणीतरी पळत आलं. भावाच्या मोटरसायकलवर बसून ती पोचली तेव्हा पश्चिमेला अजून तांबडं होतं. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. हो, उभी. तिचं बॉनेट जसंच्या तसं होतं, दोन्ही दिवे लागलेले होते, आणि दिव्यांच्या वरचं सगळं गेलं होतं. ट्रॉलीचा मागचा उसाचा भार बॉनेटच्या वरून आत घुसला होता. बॉनेटवर उसाची कांडी पडली होती, पाचट पडलं होतं. ट्रॉली जागेवर नव्हती. पण पुढे रस्त्यावर दोन दगड होते, डोक्याएवढे, एका रांगेत. ट्रॉली उभी केली की चाकामागे दगड लावायचा आणि निघताना दगड तिथंच टाकून जायचं, हा तर आमच्याकडचा रिवाजच आहे. ऊस जातो, दगड राहतात, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. हंगामात रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण ते दगड चुकवत घरी जातो आणि घरी गेल्यावर विसरतो. आबांच्या माणसांनी जाताना सगळं नेलं, ट्रॉली नेली, ड्रायव्हर लपवला, पण दगड उचलायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. आयुष्यात कधी उचललाच नव्हता तर कसं येणार!

पुढचं तिला आठवायचं नसे, म्हणून ते सारखं आठवे. चार-पाच जण आले. चांगले बोलले. 'ताई, तुम्ही हिकडं बसा. रस्ता मोकळा करू, न्हायतर आनखी कुनी ठोकंल.' एकानं तिला तांब्याभर पाणी दिलं आणि ती ते प्याली. विक्रमला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, भाऊ त्याच्याबरोबर गेला, आणि ती बांधावर बसून बघत राहिली की माणसं किती भली असतात, परकी असून गाडी ढकलतायत, कडेच्या बाभळीपर्यंत नेतायत, बाभळीला नीट टेकवून ठेवतायत. कांडी वेचून घेतली. पाचट झाडलं. दिवे मालवले. पोलीस आले तेव्हा गाडी बाभळीला आदळलेली होती, आणि कागदावर तेच आलं: जुन्या वाहनाचे ब्रेक निकामी होऊन झाडास धडक. ढकलणाऱ्यांत तिचा सख्खा दीर होता, सत्यजीत. तो आबांच्या ट्रॉल्यांवर देखरेखीला होता, हाकेच्या अंतरावरच्या फडात होता, त्यालाही आधी ठाऊक नव्हतं म्हणे गाडीत कोण आहे, आणि ठाऊक झाल्यावरही तो ढकलतच राहिला. त्या पाण्याची चव तिच्या जिभेवरून अजून गेली नव्हती. कधी जेवताना मध्येच ती चव यायची आणि तिला घास ठेवून उठावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी आबा दारावर आले. मांडी घालून खाली बसले, चपला बाहेर, टोपी मांडीवर. डोळ्यांत खरोखरचं पाणी. म्हणाले, "बाळ, झालं ते झालं. गाडी लई जुनी व्हती. मी विक्रमला दोनदा बोललो व्हतो." कोपऱ्यात सायली गुडघ्यात तोंड घालून बसली होती. तिनं मान वर केली. ते मान वर करणं राजश्रीला आजही दिसत असे. गाडी विकू नको, असं म्हणणारी राजश्रीच होती. सायलीला त्या गाडीची लाज वाटायची, शाळेच्या फाटकापर्यंत आणू नका म्हणून भांडायची, आणि राजश्री म्हणायची, चालतीय ना, मग कशाला? ती गाडी तिच्या पहिल्या पगारांतून आली होती, तिच्यावर ती चालवायला शिकली होती, पोटुशी असताना तिच्यातूनच दवाखान्यात गेली होती. आणि ब्रेक? त्याच महिन्यात कारेगावच्या गॅरेजवाल्याकडून नवे टाकून घेतले होते, ती स्वतः बाकड्यावर बसून होती. पण आबांच्या तोंडून निघालेला शब्द भावकीनं उचलला, बायकांनी उचलला, तेराव्यापर्यंत तो सगळ्या घरात भरून राहिला, आणि पोरीनं तो गिळला. राजश्रीनं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पोरगी पंधरा-सोळाची, तापट, हातात मोबाईल. ऐकलं की जगभर पसरवणार, आणि मग रस्त्यावर एकटीदुकटी जाणार-येणार तीच. जरा मोठी होऊ दे, मग सांगू. आज सांगू, उद्या सांगू करता करता आईशी कामापुरतं बोलायची सायलीला सवय लागली. डबा दे. फी भरायची आहे. येते. जवळ बसणं नाही, कुशीत येणं नाही. चुकून हाताला हात लागला तरी पोरगी तो काढून घ्यायची, आणि राजश्री रात्री तिच्या धुवायच्या ओढणीचा वास घेऊन निजायची. अशी वेळ वैऱ्याच्या आईवर येऊ नये.

चौथऱ्यावर गाडी दिसली त्या संध्याकाळी राजश्री घरी आली तर सायली स्वयंपाकघरात भगवी टोपी काढून घाम पुसत होती. टोपीवर तीच ओळ. कॉलेजच्या पोरांत तीही घरोघर हिंडत होती हे राजश्रीला त्या क्षणी कळलं. "गाडी तिथं कुणी नेली गं?" तिनं विचारलं.

"मी दिली परवानगी. काकांनी विचारलं, मी हो म्हटलं."

"आणि मला विचारायचं नाही?"

"तू नाहीच म्हणाली असतीस," सायली ताट वाढून घेत म्हणाली. "विकायला पण नाहीच म्हणाली होतीस ना."

आवाजात राग नव्हता, हेच भयंकर होतं. मग ती आपणहून बोलायला लागली, कितीतरी दिवसांनी सलग चार-पाच वाक्यं. की आज कारेगावात एका माणसानं फोटो बघून तिथल्या तिथं गाडीची किल्ली दिली. की त्याला दोन लहान मुलं होती. की बाबांचं जाणं निदान फुकट तरी नाही जाणार. तिच्या गालांवर लाली आली होती. राजश्री ओट्याला टेकून ऐकत राहिली. एवढं चांगलं पोर आणि एवढ्या घाणीत हात घालून बसलंय, आणि घाणीला घाण म्हणावं तर पोराच्या हातांनाच म्हटल्यासारखं होतंय. त्या हलकटांना काय बोलावं? त्यांनी बाप मारला तो मारला, वर बापाच्या मरणाचं पुण्य पोरीच्या पदरात घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सायलीला सोबत घेतलं आणि स्टँडच्या कोपऱ्यावर नेलं. ऊन मी म्हणत होतं. चौथऱ्याभोवती माणसं उभी राहून फोटो काढत होती. राजश्रीनं लेकीचा हात धरला, आज तिनं तो काढून घेतला नाही. बॉनेटपाशी नेऊन म्हणाली, "हे बघ. नीट बघ. झाडाला धडकली असती तर हे शाबूत राहिलं असतं का? दिव्याची काच तरी फुटली असती की नाही? वरचं का गेलं सगळं, मला सांग. ही कशाच्या तरी खाली घुसलीये, सायली. ट्रॉली होती. मी पोचले तेव्हा दगड होते तिथं, चाकाला लावलेले. ऊस होता. माझ्या डोळ्यांदेखत ह्यांनी गाडी ढकलून..."

"आई."

"ऐकून तर घे."

"आई, दोन वर्षांनी?" सायलीचा आवाज चिरकला. आजूबाजूची दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. "दोन वर्षं तू गप्प होतीस. मी रोज वाट बघायचे की तू एकदा तरी म्हणशील. आणि आता सगळे गाडीबद्दल बोलायला लागल्यावर तुला ट्रॉली आठवली. दुसऱ्यावर ढकलून मोकळं व्हायचंय तुला." ती रडत नव्हती. तिनं टोपी काढली, परत घातली. "मला काही नको तुझ्याकडून. रविवारी कार्यक्रम आहे, तुला बोलायला सांगणारेत. एकदा लोकांसमोर म्हण, माझं चुकलं. तेवढंच. मग मी कधी विषय पण नाही काढणार. शप्पथ. मला तुझ्याशी बोलायचंय गं आई, पण ते मध्ये येतं." राजश्रीच्या तळहातात लेकीचा हात ओला झाला होता. खरं आणि पोरगी एकाच वेळी तिच्या हाताशी होती, आणि दोन्ही नेता येणार नव्हती, हे तिला तिथंच, त्या सोललेल्या पत्र्यासमोर उभ्या उभ्या कळून चुकलं.

सत्यजीत आला तो शनिवारी, लॅब बंद व्हायच्या सुमाराला. शर्टाला इस्त्री, कपाळाला गंध. काय बोलायचं ते सांगायला आला होता. "वहिनी, दोनच वाक्यं बोला. आबा म्हनले, ताईला तरास नको. गाडीनं माझा मानूस नेला, तुमी तुमची गाडी देऊन टाका, झालं." राजश्री हातमोजे काढत होती. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तिथं होता. मागच्या डाव्या चाकापाशी होता ढकलायला." तो भिंतीवरच्या साखरेच्या तक्त्याकडे बघत राहिला. "आत कोण होतं हे कळल्यावर हात थांबला नाही का हो तुमचा?"

"मानूस गेलंच व्हतं की वहिनी," तो म्हणाला. "मेलेल्यासाठी जित्यांनी मरायचं का? मला दोन पोरं हायती. आन् आबा आता स्वतः उभं राहून लोकांचं जीव वाचवाय लागलंत, ह्यात वाईट काय हाय सांगा." तो हे मनापासून म्हणत होता. तिला वाटलं होतं तो लाजेल, निदान खोटं बोलेल. तो तिच्याकडे चक्क आशेनं बघत होता, की तिनंही हे मान्य करावं आणि दोघं सुटावीत. काउंटरवर कुणाची तरी लघवीची बाटली होती. ती उचलून त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर रिकामी करावी असं तिला इतकं प्रकर्षानं वाटलं की तिनं दोन्ही हात मागे बांधून घेतले. "या तुम्ही," ती म्हणाली. तो गेल्यावर तो ज्या खुर्चीवर बसला होता ती तिनं फिनाईलनं पुसली, मग परत पुसली.

रविवारी बाजार समितीच्या मैदानावर मांडव पडला होता. मधोमध गाडी, चौथऱ्यावरून उतरवलेली, आणि तिच्यावर लोखंडी पंजा उचलून उभं असलेलं पिवळं धूड. त्या यंत्राला हार, त्याच्या पंजाला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. गाण्याचा ठणाणा चालला होता. राजश्री रात्रभर एक वाक्य तयार करून आली होती. ब्रेक नवे होते, ट्रॉलीला दिवा नव्हता. बस्स, इतकंच. माईक हातात आला की म्हणायचं. मग काय व्हायचं ते होवो. दगड कुणी फेकला तरी चालेल, निदान तो दगड तरी सगळ्यांना दिसेल. पहिल्या रांगेत सोफे होते, तिला सोफ्यावर बसवलं, पाण्याची बाटली दिली. तिनं ती उघडली नाही. पूजेची वेळ झाली तशी निवेदकानं ताम्हन उचललं, इकडं तिकडं पाहिलं, आणि तिच्या हाताशी आलेलं ताम्हन अलगद फिरवून आबांच्या सुनेकडे दिलं. आबांच्या सुनेनं यंत्राला ओवाळलं, नारळ वाढवला, टाळ्या झाल्या. म्हणजे असं होतं. नारळाला सवाष्ण लागते, भाषणाला विधवा चालते. राजश्रीला हसू आलं. ह्यांना शिव्या तरी कोणत्या द्यायच्या? शिवी लागायला माणसाला कुठंतरी कातडी असावी लागते.

आबा थोडंच बोलले. म्हणाले, "विक्रम माझ्या पोरासारका व्हता. त्याच्या घरावर जी वेळ आली ती वैऱ्यावर न येवो." समोर हजारभर माणूस. राजश्रीला तिचंच वाक्य ऐकू आलं, मनात सतरा वेळा म्हटलेलं, आणि ते त्या तोंडात चघळलेलं ऐकून तिच्या अंगावर काटा आला. मग तिचं नाव पुकारलं गेलं. पायऱ्या चढताना सत्यजीतनं आधाराला हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. माईक गरम होता, आधीच्या माणसाच्या हाताचा घाम त्याला लागलेला होता. तिनं समोर पाहिलं. रखमाजी दिसले, उन्हानं डोळे बारीक केलेले. भगव्या टोप्यांची पोरं दिसली. त्यांच्या पुढे, दोरीला अगदी चिकटून, सायली. दोन्ही हातांनी दोरी धरलेली. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती, लहानपणी गॅदरिंगला आई समोर बसून तिच्याबरोबर गाण्याचे शब्द पुटपुटायची, तसं. तिच्या ओठांवरून राजश्रीनं शब्द ओळखले.

ब्रेक नवे होते, ती म्हणणार होती. पहिल्या अक्षरासाठी ओठ मिटलेसुद्धा होते. आणि तिला दिसलं की हे वाक्य बाहेर पडेल तेव्हा काय होईल. आबा मान हलवतील, बिचारी म्हणतील. निवेदक माईक हळूच काढून घेईल. गाणं सुरू होईल. पंजा खाली येईल. एकही दिवा कुठल्या ट्रॉलीला लागणार नाही. मात्र दोरीवरचे ते दोन हात सुटतील, पोरगी वळेल आणि चालायला लागेल, आणि तिची पाठ तेवढी दिसत राहील, या साऱ्या जन्माची. खरं बोलल्याचं समाधान घेऊन ती घरी जाईल आणि दार उघडून कुणाला सांगेल? समोरचं एवढं माणूस बघून तिला त्या सगळ्यांची शिसारी आली, आबांची, सत्यजीतची, टाळ्या वाजवायला हात मोकळे ठेवून बसलेल्यांची, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या तोंडाची, कारण ते उघडलं होतं आणि त्यातून काय निघणार हे तिला आता कळलं होतं.

"गाडी जुनी होती," ती म्हणाली. आवाज मैदानभर घुमला, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. "ते विकू म्हणत होते. मी विकू दिली नाही. माझं चुकलं."

सत्यजीतनं सांगितलेल्या वाक्यांत 'माझं चुकलं' नव्हतं. आबांनी चमकून पाहिलं, मग त्यांचे डोळे भरून आले. आधी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. पंजा खाली आला. पत्रा आवाज करीत दबला, मागची काच फुटली, लोकांनी मोबाईल वर धरले. आणि दोरीखालून वाकून, पायऱ्या दोन-दोन चढून, सायली धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. सगळं अंग टाकून, लहान असताना पडायची तशी. तिच्या केसांचा, घामाचा, त्या नव्या टोपीच्या कापडाचा वास राजश्रीच्या नाकात गेला. दोन वर्षं ज्या वासासाठी ती तळमळली होती, तो आता हाताशी होता, आणि तिला मळमळत होतं. तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवले. घट्ट धरलं. ओकारी आली तर पोरीच्या खांद्यावर होईल म्हणून तिनं दात आवळून धरले. ही आता माझी आहे, तिला वाटलं, आणि हिला आता खरं कधीच सांगता येणार नाही. "थँक्यू आई," सायली तिच्या कानाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "थँक्यू, थँक्यू." आबांनी शाल घातली, श्रीफळ दिलं, फोटोसाठी दोघी मायलेकींना जवळ उभं केलं आणि आपला जाडजूड हात मायेनं सायलीच्या डोक्यावर ठेवला. सायली त्यांच्या पाया पडली.

घरी जाताना स्कूटी सायलीनं चालवली. राजश्री मागे बसली, मांडीवर शाल आणि श्रीफळ घेऊन. सायली अखंड बोलत होती, वारा तिचे शब्द मागे आणत होता. कॉलेजमधली कुठली मैत्रीण, कुठल्या सरांची नक्कल, पुण्याला ॲडमिशन घेतली तर चालेल का, शनिवार-रविवार घरी येत जाईन. दोन वर्षांचं साठलेलं सगळं ती एका रस्त्यात सांगून टाकत होती. बाजाराच्या वळणावर तिनं वेग कमी केला आणि मान अर्धी मागे वळवली.

"आई, त्या नारळाच्या वड्या करायच्या का गं? खूप दिवसांत नाही केल्यास."

राजश्रीनं नारळ दोन्ही हातांत धरला होता. "करू," ती म्हणाली.